अण्णांच्या दोन पट्ट्या

"अण्णा, चहा देऊ?"

डाव्या हाताची तर्जनी थरथरली, पांढऱ्या पट्टीवर टेकली आणि पट्टी खाली गेली. उशाशी ठेवलेल्या टॅबमधून माझाच आवाज आला, "हो."

"आई! अण्णा हो म्हणाले!" मी ओरडले.

आई पदराला हात पुसत स्वयंपाकघरातून धावत आली. "कुठे म्हणाले? मला तर तुझाच आवाज आला."

"आवाज माझा, बोलले अण्णा."

"म्हणजे काय गं ते?"

मी काही सांगायच्या आत पट्टी परत खाली गेली. "हो." आणि थोडं थांबून तिसऱ्यांदा, "हो." अण्णा माझ्याकडे डोळे वटारून बघत होते. कळलं ना एकदा, मग चहा टाक की, असं. दोन महिन्यांत पहिल्यांदा त्यांचा राग बघायला मिळाला आणि मला रडूच फुटलं.

देवरुखात दत्ताराम मेस्त्री म्हटलं की पेटी, हे कुणीही सांगेल. सुताराच्या घरातले, पण दारं-खिडक्या कधी केल्या नाहीत. आयुष्यभर भजनाच्या पेट्या उघडल्या, भाते शिवले, सूर लावले. पेटीच्या आत प्रत्येक पट्टीखाली पितळेची एक पातळ जीभ असते, तिला रीड म्हणायचं. ती कानशीने केसभर घासली की सूर चढतो नाहीतर उतरतो. रीड घासून बसवली की अण्णा ती तीनदा वाजवत. घाई नाही, प्रत्येक वेळी थोडं थांबून. "पहिल्यांदा आपल्याला जे हवं असतं तेच ऐकू येतं," ते म्हणायचे. पुढे पुढे त्यांना ती सवयच लागली. जेवलात का, हेसुद्धा पाहुण्याला तीनदा विचारायचे. आई वैतागायची.

त्या वर्षी आषाढात त्यांच्या अंगावरून वारं गेलं. उजवी बाजू गेली, वाचा गेली. राहिली डाव्या हाताची दोन बोटं, डोळे आणि कान. कान अगदी पहिल्यासारखे. डॉक्टर म्हणाले, समजतंय त्यांना सगळं. मला तर तेच ऐकवेना. समजतंय सगळं आणि बोलता येत नाही, तेही अण्णांसारख्या माणसाला, ज्याने कधी कुणाचं चुकलेलं खपवून घेतलं नाही!

टॅब घरात पडून होता. पडद्यावर हो आणि नाही अशी दोन मोठी चौकोनी बटणं करून त्यात आवाज भरायची सोय बाजारपेठेतल्या मोबाईलवाल्याने करून दिली. आवाज आईचा भरावा म्हटलं तर ती म्हणाली, "मी नाही बाई त्या पाटीशी बोलणार." मग माझाच भरला. पण अण्णांचं बोट पडद्यावर नीट टेकेना. लाकूड, पितळ आणि कानस यांत दिवस घालवलेलं बोट ते. कातडं राठ, त्यात थरथर. दाबायला जावं एक आणि लागावं भलतंच.

पट्टी मात्र त्या बोटाला पाठ होती. पन्नास वर्षं त्याने दुसरं केलं काय! मी माळ्यावरची एक मोडकी पेटी उतरवली, तिच्या दोन पट्ट्या काढल्या, एक पांढरी आणि एक काळी, आणि एका फळीवर स्प्रिंगांसकट बसवल्या. पडद्याला माणसाचा स्पर्श लागतो, तो तारेतूनही पोचतो, हे मोबाईलवाल्याने सांगितलं होतं. म्हणून पट्ट्यांवर पितळी पत्रा चढवला, खाली पत्र्याचे तुकडे, तिथून दोन बारीक तारा थेट टॅबच्या पडद्यावर, हो आणि नाहीच्या बटणांवर चिकटवलेल्या तांब्याच्या चकत्यांपर्यंत. पट्टी दाबली की त्यांचं बोट जणू पडद्यावर टेकायचं. पांढरी हो, काळी नाही. चार दिवस लागले. माझी मीच खूश झाले होते, खोटं कशाला बोलू.

एकच भानगड होती. टॅबबरोबर आलेल्या चार्जरची वायर हातभर, आणि आमचा बोर्ड दाराशी. मग बाजारातला एक साधा चार्जर आणला, त्याची वायर कापून मध्ये जुनी वायर जोडली, वरून चिकटपट्टी गुंडाळली आणि ती पट्ट्यांच्या तारांशेजारूनच पलंगापर्यंत नेली. चार्जर लावलेला असताना टॅबच्या पाठीला हात लागला की मुंग्या यायच्या. एवढ्यातेवढ्याने काय होतंय, म्हणून मी सोडून दिलं.

दोन-तीन दिवसांनी आई म्हणाली, "शैले, ते यंत्र उचल तिथून. आपलं आपण बोलतं."

"काय बोलतं?"

"ते झोपलेत आणि ते बोलतंय. मी भांडी लावत होते, तर हे आपलं मध्येच. अंगावर काटा आला माझ्या."

"अगं, झोपेत बोट लागलं असेल."

"बोट पोटावर होतं. मी काय आंधळी आहे? तुझा आवाज काढतं ते. भूत शिरलंय त्यात."

"शिरलं असेल तर त्याला विचार, चहा घेणार का," मी म्हटलं आणि हसले. आईने माझ्याकडे असं बघितलं की मी हसणं आवरतं घेतलं. पण यंत्र काही उचललं नाही.

भाद्रपद तोंडावर आला होता. आमच्याकडे गणपतीआधीचे पंधरा दिवस म्हणजे नुसती झुंबड. वाडीवाडीचं भजनमंडळ आपली पेटी घेऊन हजर. ओटीवर अकरा पेट्या जमल्या. हात माझा एकटीचा. माझं लग्न जमलं नाही. नऊ वर्षांपूर्वी अण्णांनी नाइलाजाने मला कानस हातात दिली होती. नाइलाजाने म्हणते कारण कानस खरी माझ्यासाठी नव्हती. ती माझ्या थोरल्या भावाची, भाईची.

भाईचं सांगायलाच हवं. त्याचा हात देवाने दिलेला. मी जे तासभर घासायची ते तो दोन हिसड्यांत करायचा. पण एकदा एका बुवांच्या जुन्या पेटीतली रीड त्याच्याकडून जास्त घासली गेली आणि तुटली. त्याने गुपचूप कारखान्यातली नवी रीड बसवली आणि पेटी देऊन टाकली. अण्णांना त्या बुवांच्या भजनात, पंचवीस माणसांच्या मागे बसून, तो एक सूर ऐकू आला. घरी येऊन म्हणाले, "तुटली असती तर मी दुसरी घडवून दिली असती. तू मला सांगितलं नाहीस." भाई उलट बोलला. शब्दाने शब्द वाढला. शेवटी अण्णा म्हणाले, मी बोलावल्याशिवाय या घराची पायरी चढायची नाही. भाई डोंबिवलीला गेला, तिथे इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड दुरुस्त करायला लागला. नऊ वर्षं दोघांपैकी कुणी वाकलं नाही. अण्णा पडल्याचं कळल्यावर त्याने टॅब पाठवला. हो, तोच टॅब. अण्णांना आम्ही ते सांगितलं नव्हतं.

आणि त्या नऊ वर्षांत अण्णा माझ्या कामाला एकदाही चांगलं म्हणाले नव्हते. सूर लावून पेटी पुढे सरकवली की ते वाजवायचे, मान हलवायचे आणि स्वतः कानस घ्यायचे. गिऱ्हाईक विचारायचं, "भाई कुठे असतो हल्ली?" मी तिथेच बसलेली असायची.

गणपतीच्या गडबडीत मी पेट्या आतल्या खोलीत आणायला लागले, त्यांच्या पलंगाशी. रीड घासायची, वाजवायची आणि विचारायची, "अण्णा, लागला?"

"नाही."

पुन्हा घासायची. "आता?"

"नाही."

"आता?"

थोडा वेळ ते डोळे मिटून राहायचे. मग पांढरी पट्टी. "हो." मी परत वाजवायची. "हो." तिसऱ्यांदा. "हो."

काय सांगू त्या 'हो'चं! आवाज माझा होता हे मला कधी जाणवलंच नाही. नऊ वर्षं ज्याची वाट बघितली ते दिवसाला तीसतीस वेळा मिळत होतं. आम्ही दोघांनी मिळून आठ पेट्या लावल्या. आई म्हणायची, जेवून घ्या आता, तर आम्ही दोघंही तिच्याकडे लक्ष देत नव्हतो. एका पेटीला मात्र माझा जीव टेकीला आला. काळी तीन, म्हणजे तिसऱ्या काळ्या पट्टीची रीड, अगदी चोख लागली होती, मला पक्की खात्री, आणि तरी "नाही" येत होतं. मी घासत राहिले. शेवटी सूरच उतरला आणि अण्णांनी डोळे मिटून घेतले. मला वाटलं, दमले आता, कानही थकायचेच.

गणपतीला पाच दिवस राहिले असताना अण्णांना ताप भरला. छातीत कफ घरघरायला लागला. डॉक्टर सकाळी येऊन गेले, ओटीवर चपला घालता घालता हळूच म्हणाले, "कुणाला बोलवायचं असेल तर बोलवून घ्या."

आईने ऐकलं. म्हणाली, "भाईला फोन लाव."

आमच्या घरात फोनला रेंज नाही. अंगणात विहिरीपाशी उभं राहिलं तर मिळते. मी तिथे जाऊन भाईला सगळं सांगितलं.

"शैले, मी येऊ?"

"ये की."

"तसं नाही. त्यांना विचार. मला पायरी चढू नको म्हटलंय त्यांनी. मी आलो आणि त्यांना ते सोसलं नाही, त्यातच काही झालं, तर मी जन्मभर ते घेऊन कुठे जाऊ? तुझं ते यंत्र आहे ना, विचार त्यांना. हो म्हणाले तर दुपारच्या गाडीने निघतो, रात्रीपर्यंत पोचतो. नाही म्हणाले तर नाही येत."

"विचारते," मी म्हटलं.

आत आले. आई स्वयंपाकघरात पेज गाळत होती. अण्णा जागे होते. चार्जरचा लाल दिवा लागलेला होता. बाहेर दमट, भिंतीसुद्धा ओल्या लागत होत्या. मी पलंगाच्या कडेला बसले, त्यांचा हात पट्ट्यांवर नेऊन ठेवला.

इथे मला खरं सांगायला हवं. अंगणातून आत येईपर्यंत वीसेक पावलं असतील. त्या वीस पावलांत माझ्या डोळ्यांसमोर एकच चित्र होतं. भाई येईल, पलंगाशी बसेल. ओटीवर तीन पेट्या राहिल्यात, त्यातली एक उघडेल, दोन हिसड्यांत सूर लावेल आणि अण्णा पांढरी पट्टी दाबतील. त्याच्यासाठी. पहिल्याच वाजवण्याला. मला ते नको होतं. भाई नको होता असं नाही, ते नको होतं. माणूस मरायला टेकलाय आणि ही बया हा विचार करते! पण केला.

"अण्णा," मी म्हटलं, "भाई विचारतोय. येऊ का म्हणतोय. बोलवू त्याला?"

त्यांचे डोळे एकदम माझ्यावर आले. मला त्या डोळ्यांकडे बघवेना. मी खिडकीकडे बघितलं. घरघर ऐकू येत होती. किती वेळ गेला सांगता येणार नाही. एका श्वासाचा असेल, चार श्वासांचा असेल.

"नाही," टॅब म्हणाला.

मी उठले. त्यांचा हात अजून पट्ट्यांवरच होता. मी उठले आणि सरळ अंगणात जाऊन भाईला फोन लावला.

"काय म्हणाले?" भाईने विचारलं. फोन हातातच धरून बसला होता बहुतेक.

"नाही म्हणाले."

पलीकडे कीबोर्डवर कुणीतरी काहीतरी वाजवून बघत होतं. "बरं," भाई म्हणाला. "आईला जप." आणि फोन ठेवला. मी तिथेच विहिरीच्या कठड्यावर जरा टेकले. मला बरं वाटलं होतं. ते बरं वाटणं मला अजून आठवतं.

घरात आले तर टॅब बंद, चार्जर काढलेला, पट्ट्यांची फळी पलंगाखाली सरकवलेली. आई अण्णांच्या तोंडात चमच्याने पेज घालत होती.

"उगाच ओरडत होतं मेलं," आई म्हणाली. "काढून टाकलंय. त्यांना निवांत पडू दे." मग पेजेचा चमचा पुसत, माझ्याकडे न बघता, "आतून ऐकलं मी. नाही म्हणाले ना?"

"हो."

आईने पुढचा चमचा त्यांच्या तोंडात घातला. पेज मात्र अण्णांनी गिळली नाही, ती ओठांच्या कोपऱ्यातून गळली. दिवसभर त्यांनी भिंतीकडून तोंड वळवलं नाही. मी संध्याकाळी पट्ट्या परत हाताखाली दिल्या, विचारलं, "अण्णा, पाणी?" बोट हललं नाही. "अण्णा, काही दुखतंय?" नाही हललं. त्यानंतर ते यंत्राशी बोललेच नाहीत. दुसऱ्या दिवशी दुपारी बारा-साडेबाराच्या सुमारास, आई पाठीवरून हात फिरवत असताना, ते गेले.

भाईला कळवलं तर म्हणाला, "माझ्यासाठी थांबू नका. त्यांना नको होतो मी." अग्नी मीच दिला. चौघांनी नाकं मुरडली. आई म्हणाली, नऊ वर्षं हिनेच केलंय, हीच देईल. त्यावर कुणाची टाप नव्हती बोलायची.

भाई तिसऱ्या दिवशी आला. सकाळी नऊच्या उन्हात बेड्याशी, अंगणाच्या फाटकापाशी, उभा. केस पिकलेले, पाठीवर एक सॅक. आई धावली, त्याच्या गळ्यात पडून रडली, हात धरून ओढायला लागली.

"चल आत."

"नको आई. इथेच बरा आहे."

"अरे, गेले ते आता! कोण बोलणार आहे तुला?"

"मला बोलवायला त्यांनी नाही म्हटलंय. शेवटचं विचारलं होतं मी. आता त्यांच्यामागे कसा चढू?"

नाहीच चढला. विहिरीशी बसला. आईने पाणी दिलं, तेही तिथेच प्यायला. मला म्हणाला, "शैले, ते यंत्र बघू."

मी फळी, टॅब, चार्जर, सगळं आणून त्याच्यापुढे ठेवलं. त्याने पट्ट्या दाबून बघितल्या. पांढरी दाबली, मग सोडली. स्प्रिंग बोटाने चाचपली. "माळ्यावरच्या पेटीच्या?"

"हो."

"झकास केलंयस गं," तो म्हणाला. अगदी मनापासून. माझ्या कामाला चांगलं म्हणणारा घरातला तो दुसरा माणूस. मग त्याचा हात चार्जरच्या वायरवर गेला. चिकटपट्टी सोडवली. जोड उघडा केला. थोडा वेळ तो त्या जोडाकडे बघत बसला.

"हातात मुंग्या येत होत्या का टॅब धरल्यावर?"

"थोड्या."

"आणि ही वायर काळ्या पट्टीच्या तारेला लागून होती?"

"शेजारून होती."

"आमच्याकडे येतात असे कीबोर्ड. चार्जर असला आणि हवा दमट, की पडदा आपलं आपण..." तो थांबला. माझ्याकडे बघितलं. भाईचे डोळे अण्णांसारखे आहेत, हे मला तोपर्यंत कधी सुचलं नव्हतं. "विचारलंस तेव्हा चार्जर लावलेला होता?"

"आठवत नाही," मी म्हटलं. लाल दिवा मला स्वच्छ आठवत होता.

"असू दे. एखाद वेळी चुकून बोलेल ते. सारखं सारखं नाही बोलणार." त्याने जोड पुन्हा चिकटपट्टीत गुंडाळला, हलक्या हाताने. "तू तीनदा विचारलंस ना?"

आई दारातून बघत होती. ओटीवर त्या तीन पेट्या तशाच होत्या, वरून फडकं टाकलेल्या. चहा घेणार का हे मी तीनदा विचारायची. काळी चार लागली का हे तीनदा विचारायची. त्या घरात सगळं तीनदा विचारलं जायचं, ते भाईलाही ठाऊक होतं, म्हणूनच तो विचारत होता.

"तीनदा," मी म्हटलं.

"मग झालं," भाई म्हणाला. त्याने तोंडावरून हात फिरवला. "मग त्यांचंच म्हणणं होतं ते." तासाभराने तो निघून गेला. पायरी चढलाच नाही.

तेरावं झालं. घर आवरताना मी टॅब पुसून कपाटात ठेवायला घेतला. बंद पडला होता, म्हणून आधी चार्जर लावून चालू केला, फळी शेजारी ठेवली आणि पितळेच्या पट्ट्या ओल्या फडक्याने पुसून बाजूला झाले. दुपारची वेळ. आई माजघरात तांदूळ निवडत होती. मी केर काढत होते.

"नाही," माझा आवाज म्हणाला.

माझ्या हातातली केरसुणी तशीच राहिली. खोलीत मी एकटी. पलंग रिकामा, गादी गुंडाळलेली. मी टॅबसमोर जमिनीवर बसले. घड्याळ बघत बसले. सहा मिनिटांनी परत, "नाही." मग नऊ मिनिटांनी. मग लगेच दोनदा. ऊन उतरेपर्यंत मी तिथून हलले नाही. अठरा वेळा बोललं ते. अठराही वेळा नाही. चार्जरची वायर काळ्या पट्टीच्या तारेला लागून होती, पांढरीची तार पलीकडे. चार्जर काढला की चूप. लावला की थोड्या वेळाने नाही. हो एकदाही नाही. यंत्राला स्वतःहून हो म्हणताच येत नव्हतं.

मला काळी तीन आठवली. चोख लागलेली, जी मी घासून घासून बिघडवली.

तरीही मी स्वतःला समजावलं. यंत्र आपलं आपण बोलतं, म्हणजे त्या वेळी तेच बोललं असं थोडंच आहे? अण्णाच म्हणाले असतील. असतीलच. हट्टी माणूस. नऊ वर्षं वाकला नाही, तो शेवटी कशाला वाकेल?

मग मला आईचं बोलणं आठवलं. मी माजघरात गेले, तिच्यापुढे बसले.

"आई, त्या दिवशी मी भाईला फोन करायला गेले, तेव्हा तू यंत्र बंद केलंस."

"मग? ओरडत होतं."

"काय ओरडत होतं?"

आई सुपातले खडे वेचत होती. "हो, हो करत होतं."

"हो?"

"हो हो हो. तीनदा. थांबून थांबून. कुणी काही विचारलं नव्हतं, मी पेज घेऊन नुकतीच आत आले होते. ते आपले दाराकडे बघत होते, तू गेलीस तिकडे, आणि हे मेलं हो, हो. मी म्हटलं, आत्ता नाही म्हणालं, आता हो म्हणतंय. बाधा आहे म्हटलं यात. काढून टाकलं. बोटांनी ती फळी धरायलासुद्धा बघत होते ते, पण मी सरकवली खाली..."

बोलता बोलता आईचा हात सुपात थांबला. तिने माझ्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं.

"का गं?" तिने विचारलं.

"काही नाही. सहज."

तिने परत तांदूळ निवडायला घेतले. त्यानंतर ती सात वर्षं जगली, पण या विषयावर आम्ही पुन्हा कधी बोललो नाही. मात्र त्या दिवसापासून भाईचं नाव निघालं की ती उठून आत जायची.

मी त्याच संध्याकाळी विहिरीपाशी गेले. भाईला फोन लावला. सांगायचं ठरवूनच गेले होते. भाई, मी एकदाच विचारलं. भाई, ते तीनदा हो म्हणाले. दोनच वाक्यं. पाठ केली होती.

"बोल शैले," भाई म्हणाला.

"जेवलास?"

"जेवेन आता. तू?"

"हो."

याला आता अकरा वर्षं झाली. फळी माळ्यावर आहे, दोन पट्ट्यांसकट. टॅब कधीच मेला. गणपतीआधी अजून ओटी पेट्यांनी भरते. सूर मीच लावते, लोक चांगलं म्हणतात, आणि प्रत्येक रीड मी तीनदा वाजवते. तिसऱ्यांदा वाजवल्यावर मी अजूनही क्षणभर थांबते, पलंगाकडून काही येतंय का बघते. आता त्या जागी कपाट आहे.

भाईला मी दर रविवारी फोन करते. आता घरातही रेंज येते, पण मी विहिरीपाशीच जाते. आईच्या वेळीही तो आला तो अंगणापर्यंतच. नातवंडांचं सांगतो, गुडघ्यांचं सांगतो. बोलणं संपत आलं की मी गप्प होते, ते त्याला कळतं. फोन ठेवायच्या आधी तो दर वेळी विचारतो, "शैले, काही सांगायचं होतं का?"

विहिरीत बघत मी त्या दोन वाक्यांपर्यंत जाते. अगदी ओठांपर्यंत येतात ती. आणि मग मला माझाच आवाज ऐकू येतो.

"नाही."